‘जात होते’चं इंग्रजी: जुन्या सवयी इंग्रजीत कशा सांगायच्या

१९९१ साली मी पहिली मुलाखत दिली, नागपुरातल्याच एका शाळेत, शिक्षिकेच्या जागेसाठी. शिकवण्याचा काही अनुभव आहे का, असं विचारलं. अनुभव होता. महाल भागातल्या आमच्या घरून सायकल काढून मी सलग तीन वर्षं दर रविवारी एका वस्तीत मुलांना शिकवायला जात होते. हेच वाक्य मनातल्या मनात जुळवलं आणि म्हणाले, ‘आय वॉज गोइंग टू टीच पुअर चिल्ड्रन एव्हरी संडे.’ समोरच्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि सहज विचारलं, ‘देन व्हाय डिडन्ट यू?’ मग का नाही शिकवलंत?

मला प्रश्नच कळला नाही. मी गप्प बसले. त्याचा उलगडा व्हायला पुढे वर्ष गेलं. ‘वॉज गोइंग टू टीच’चा अर्थ ‘शिकवणार होते’ असा होतो. तीन वर्षांचे रविवार, उन्हातान्हातली सायकल, फरशीवर खडूने काढलेली अक्षरं, हे सगळं माझ्या एका वाक्याने नुसता बेत होऊन बसलं. त्या बाईंची काही चूक नव्हती. जे ऐकलं त्यावरच त्यांनी विचारलं.

आता नागपुरातल्याच नंदनवन भागात माझ्या घरी संध्याकाळी मोठी माणसं इंग्रजी शिकायला येतात. नर्स आहेत, इलेक्ट्रिशियन आहेत, सुनेशी बोलता यावं म्हणून येणाऱ्या मावशी आहेत. नव्या माणसाच्या तोंडून पहिल्या आठवड्यात मला माझंच ते वाक्य ऐकू येतं आणि मी बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हे शिकवते. काल काय केलं हे बहुतेकांना सांगता येतं. पूर्वी काय करायचो, हे सांगताना गाडी अडते. आणि माणसाला स्वतःबद्दल सांगायचं असतं ते बहुतेक यातच असतं.

चूक कुठून येते

मराठीत ‘मी जात होते’ ही एकच रचना दोन कामं करते. ‘मी बर्डीवर जात होते, तेवढ्यात पाऊस आला.’ ही एका दिवसाची, वाटेत असतानाची गोष्ट. ‘लहानपणी मी दर चतुर्थीला टेकडीच्या गणपतीला जात होते.’ ही कितीतरी वर्षांची गोष्ट. ‘लहानपणी’ आणि ‘दर’ या शब्दांवरून आपल्याला फरक कळतो, क्रियापद बदलावं लागत नाही. इंग्रजीत बदलावं लागतं. पहिल्याला ‘आय वॉज गोइंग’, दुसऱ्याला ‘आय यूज्ड टू गो’. दुसऱ्या ठिकाणी ‘वॉज गोइंग’ म्हटलं की ऐकणारा वाट बघतो, जात होती आणि मग काय झालं? पाऊस आला? पडली? पुढे काहीच येत नाही आणि तो गोंधळतो.

मराठीकडे सवयीसाठी वेगळं रूप नाही असं मात्र समजू नका. शाळेत रीतिभूतकाळ शिकलो होतो, आठवतं? ‘मी जात असे.’ त्याहून जुनं ‘आजी पहाटे उठे, अंगण झाडी, सडा घाली.’ आणि रोजच्या बोलण्यातलं ‘मी जायचे, तो जायचा, आम्ही जायचो.’ म्हणून माझी पहिली चाचणी ही: तुमच्या वाक्यातलं ‘जात होतो’ काढा आणि तिथे ‘जायचो’ ठेवून बघा. ‘लहानपणी मी गणपतीला जायचे’ हे छान बसतं, म्हणजे ‘यूज्ड टू’. ‘मी बर्डीवर जायचे तेवढ्यात पाऊस आला’ हे कानाला खटकतं, म्हणजे ‘वॉज गोइंग’.

दुसरी चाचणी नागपूरकरांसाठी आणखी सोपी आहे. आपण घराबाहेर पडलो की भाजीवाल्याशी, ऑटोवाल्याशी हिंदीत बोलतो, त्यासाठी विचार करावा लागत नाही. हिंदीत हे दोन अर्थ अगदी वेगळे पडतात. ‘हम जा रहे थे’ आणि ‘हम जाते थे’. ‘जा रहे थे’ निघालं तर ‘वॉज गोइंग, वेअर गोइंग’. ‘जाते थे’ किंवा ‘जाया करते थे’ निघालं तर ‘यूज्ड टू गो’. पुण्याकडच्या माणसाला ही चाचणी द्यायला मी धजणार नाही, पण इतवारीत दुकान चालवणाऱ्याला ही चाचणी सांगितली की तो पुन्हा चुकत नाही. मी स्वतः अजूनही घाईत असले की मनात हिंदी लावून बघते.

एक खाचखळगा आहे. ‘जायचे’ आणि ‘जायचं होतं’ यांची गल्लत करू नका. ‘मला मुंबईला जायचं होतं’ ही सवय नाही, ती इच्छा किंवा गरज. त्याचं ‘आय वॉन्टेड टू गो’ नाहीतर ‘आय हॅड टू गो’. वाक्याच्या सुरुवातीला ‘मला’ आलं आणि शेवटी ‘होतं’ आलं की ‘यूज्ड टू’कडे वळायचंच नाही.

‘यूज्ड टू’ कसं वापरायचं

रचना सोपी आहे. ‘यूज्ड टू’ आणि पुढे क्रियापदाचं मूळ रूप. ‘आय यूज्ड टू सायकल टू स्कूल.’ ‘वी यूज्ड टू स्लीप ऑन द टेरेस इन मे.’ मी असो, तू असो, ते असोत, रूप बदलत नाही. मराठीसारखं जायचा, जायची, जायचे असं लिंगवचन सांभाळावं लागत नाही. पुढे ‘वेन्ट’ किंवा ‘गोइंग’ लावायचं नाही, ‘गो’च.

उच्चाराकडे मात्र लक्ष द्या, कारण स्पेलिंगची चूक तिथून येते. ‘वापरला’ या अर्थाचा ‘यूज्ड’ म्हणताना मधल्या ‘एस’चा उच्चार ‘झ’सारखा, भुंग्याच्या गुणगुणीसारखा होतो. सवयीच्या ‘यूज्ड टू’मध्ये तो साधा ‘स’ असतो, आणि शेवटचा ‘डी’ पुढच्या ‘टी’त विरघळून जातो. ऐकू येतं ते ‘यूस्टू’. ‘डी’ ऐकूच येत नाही म्हणून लिहिताना गळतो आणि पानभर ‘आय यूज टू गो’ दिसू लागतं. बोलताना हरकत नाही, कोणाला कळणार नाही. अर्जात, ईमेलमध्ये, परीक्षेत होकारार्थी वाक्यात ‘डी’ हवाच.

प्रश्न आणि नकार आला की उलटं होतं. भूतकाळ दाखवायचं काम ‘डिड’ उचलतो, म्हणून ‘यूज’वरचा ‘डी’ उतरतो. ‘डिड यू यूज टू लिव्ह इन धरमपेठ?’ ‘आय डिडन्ट यूज टू लाइक कारलं.’ अगदी ‘डिड यू गो’ असतं, ‘डिड यू वेन्ट’ नसतं, तसंच. उच्चार दोन्हीकडे ‘यूस्टू’च राहतो, म्हणून ही कटकट फक्त लेखणीची आहे. नकारासाठी मी विद्यार्थ्यांना दुसरी वाट देते: ‘नेव्हर’. ‘आय नेव्हर यूज्ड टू लाइक कारलं.’ इथे ‘डिड’ नाही, म्हणून ‘डी’ जागेवर. बोलायला सोपं आणि कानाला गोड. जुन्या पुस्तकांत ‘यूज्ड नॉट टू’ दिसेल. वाचून समजून घ्या, वापरायला जाऊ नका.

‘यूज्ड टू’ मुळातच भूतकाळाचं आहे. त्याला वर्तमानकाळ नाही. आपल्याकडे ‘आय यूज टू ड्रिंक टी इन द मॉर्निंग’ असं आजच्या सवयीसाठी सर्रास बोलतात. तसं इंग्रजीत नाही. आजची सवय साध्या वर्तमानकाळात सांगायची, ‘आय ड्रिंक टी इन द मॉर्निंग’, फार तर ‘आय यूज्वली ड्रिंक’. या चुकीचा फटका मोठा बसतो. माझ्याकडचा एक मुलगा दिवसाची कामं सांगण्याचा सराव करत होता. ‘आय यूज्ड टू गेट अप ॲट फाइव्ह, आय यूज्ड टू स्टडी फॉर थ्री अवर्स.’ खरोखर पाचला उठणारा मुलगा, मी त्याच्या आईला ओळखते. पण मुलाखत घेणाऱ्याला ऐकू आलं असतं, पूर्वी उठायचो, आता नाही.

हे ‘आता नाही’ फार महत्त्वाचं आहे. आपल्या ‘जायचो’मध्ये ते पुसट असतं, इंग्रजीत ठळक असतं. त्यावरून मी एक गोष्ट कधी विसरत नाही. वडील गेल्यानंतर एका मुलीला ऑफिसातल्या लोकांसाठी चार ओळी लिहायच्या होत्या. तिने लिहिलं, ‘माय फादर यूज्ड टू लव्ह मी अ लॉट.’ मनात मराठी होतं, ‘बाबा माझ्यावर फार माया करायचे.’ मराठी वाक्य निर्मळ आहे. इंग्रजी वाक्यात मात्र माया आटल्यासारखं वाटतं, जणू बाबा आहेत पण आता प्रेम करत नाहीत. तिथे साधा भूतकाळ लिहायचा: ‘माय फादर लव्ह्ड मी अ लॉट.’ आणि मग सवयीच्या गोष्टी खुशाल ‘यूज्ड टू’ने: ‘ही यूज्ड टू पील ऑरेंजेस फॉर मी.’ संत्री सोलून देणं थांबलं, ते खरंच आहे. प्रेम, विश्वास, आदर यांच्यापुढे ‘यूज्ड टू’ लावण्याआधी एकदा थांबा.

‘वुड’ कुठे चालतं, कुठे नाही

रोज संध्याकाळी वर्गाला येणारे एक काका आहेत. नॅरोगेजवर गार्ड होते. इतवारीहून सावनेर, सौंसर करत छिंदवाड्याला जाणारी गाडी. आज त्या मार्गावर ब्रॉडगेज आहे. पण २ फूट ६ इंच रुंदीच्या रुळांवरून सातपुडा चढणारी ती छोटी गाडी ज्यांनी पाहिली, त्यांना ती विसरता येत नाही. काकांचा नातू अमेरिकेत, दहा वर्षांचा. रविवारी सकाळी फोन येतो. काकांना त्याला गाडीबद्दल सांगायचं होतं. पहिल्यांदा त्यांनी सांगितलं ते असं: ‘आय वॉज गोइंग ऑन ट्रेन. विमेन वेअर कमिंग विथ बास्केट्स. आय वॉज शोइंग ग्रीन फ्लॅग.’ पलीकडून पोरगा म्हणाला, ‘अँड देन? व्हॉट हॅपन्ड?’

काका दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, ‘बाई, तो मले विचारते मंग काय झालं. काही झालंच नाही ना! रोजचंच होतं.’

रोजचंच होतं. बस्स, हेच तर सांगायचं होतं. मी फळ्यावर त्यांची वाक्यं लिहून घेतली आणि आम्ही एकेक बदलत गेलो.

पहिलं वाक्य केलं, ‘आय यूज्ड टू वर्क ऑन द नॅरोगेज लाइन.’ आता ऐकणाऱ्याला कळलं की जुन्या दिवसांची गोष्ट आहे, आता हे संपलंय. दुसरं वाक्यही ‘यूज्ड टू’ने केलं, तिसरंही केलं, आणि काका मोठ्याने वाचू लागले तेव्हा त्यांनाच ते ठोकळ्यासारखं वाटलं. यूज्ड टू, यूज्ड टू, यूज्ड टू. इथे ‘वुड’ येतं. पहिल्या वाक्याने काळ ठरला की पुढच्या कृती ‘वुड’ने सांगायच्या. मग फळ्यावर असं उभं राहिलं:

‘आय यूज्ड टू वर्क ऑन द नॅरोगेज लाइन. ॲट एव्हरी स्मॉल स्टेशन विमेन वुड गेट ऑन विथ बास्केट्स ऑफ व्हेजिटेबल्स. आय वुड हेल्प देम लिफ्ट द बास्केट्स. देन आय वुड शो द ग्रीन फ्लॅग, अँड द ड्रायव्हर वुड ब्लो द व्हिसल. ऑन मार्केट डेज द ट्रेन वुड बी सो फुल दॅट मेन वुड स्टँड ऑन द फूटबोर्ड.’

काकांनी विचारलं, ‘मंग पयल्या वाक्यात कायले नाही वुड?’ हा प्रश्न प्रत्येकाला पडायला हवा. ‘वुड’ला स्वतःचा काळ नसतो. गोष्टीच्या तोंडालाच ‘आय वुड वर्क ऑन द नॅरोगेज लाइन’ म्हटलं, तर ऐकणाऱ्याला वाटतं की पुढे ‘जर’ येणार आहे. संधी मिळाली असती तर केलं असतं, असं काहीतरी. आधी ‘यूज्ड टू’ने किंवा ‘व्हेन आय वॉज यंग’, ‘इन दोज डेज’ अशा शब्दांनी काळाची खुंटी ठोकायची, मग ‘वुड’ची वाक्यं तिच्यावर टांगायची. आपल्या जुन्या गोष्टींत ‘आजी पहाटे उठे, अंगण झाडी’ हे जसं ‘माझ्या लहानपणी’ने सुरू होतं, तसंच. खरं तर त्या ‘उठे, झाडी, घाली’चा जो सूर आहे, तोच या ‘वुड’चा सूर आहे. आठवणीत रमलेला.

आता दुसरी अट. ‘वुड’ पुन्हापुन्हा घडणाऱ्या कृतीलाच लागतं. टाकीत पाणी जसं नुसतं साठून असतं, तशी एखादी स्थिती दीर्घकाळ टिकून असेल, तर तिथे ‘वुड’ चालत नाही. राहणं, असणं, आवडणं, माहीत असणं, मालकीचं असणं या सगळ्याला ‘यूज्ड टू’ किंवा साधा भूतकाळ. ‘वी यूज्ड टू लिव्ह इन महाल’ बरोबर. ‘वी वुड लिव्ह इन महाल’ चूक. ‘माझ्याकडे लूना असायची’ याचं ‘आय यूज्ड टू हॅव अ लूना’. ‘आय वुड हॅव अ लूना’ नाही, आणि कृपा करून ‘आय वॉज हॅविंग अ लूना’ तर नाहीच नाही. मालकीच्या ‘हॅव’ला ‘इंग’ लागत नाही.

आपल्याच शहराचं उदाहरण घ्या. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, नंतर आपण मुंबई राज्यात आलो. ‘नागपूर यूज्ड टू बी द कॅपिटल ऑफ मध्य प्रदेश.’ हे शंभर टक्के बरोबर आणि बाहेरच्या पाहुण्याला सांगण्याजोगं. ‘नागपूर वुड बी द कॅपिटल’ म्हणालात तर तो समजेल की व्हायला हवं होतं म्हणताय.

मग काकांच्या परिच्छेदात ‘द ट्रेन वुड बी सो फुल’ कसं चाललं? चाणाक्ष विद्यार्थी इथे हात वर करतो, आणि मला त्याचा आनंद होतो. गाडी कायम भरलेली नव्हती. दर बाजाराच्या दिवशी भरायची, पुन्हा रिकामी व्हायची. म्हणजे ती स्थितीसुद्धा फेरीफेरीने येणारी होती. अशा वेळी ‘वुड बी’ चालतं. कायम टिकलेल्या स्थितीला नाही.

‘वुडन्ट’चं आणखी एक वेगळंच आहे. ते नुसतं ‘करायचा नाही’ असं सांगत नाही, त्यात हट्ट असतो. आपल्याकडे त्याला अचूक जोड आहे: ‘-ईना’. ‘पोरगं जेवेना’, ‘द चाइल्ड वुडन्ट ईट.’ ‘काही केल्या कूलर चालू होईना’, ‘द कूलर वुडन्ट स्टार्ट.’ मे महिन्यात हे वाक्य नागपुरात कोणालाही लागू शकतं. पण ‘आमच्या लहानपणी आम्ही एसी वापरत नसू’ हे साधं सांगायचं असेल, हट्ट नसेल, तर ‘वी डिडन्ट यूज टू हॅव ॲन एसी’ किंवा सरळ ‘वी हॅड नो एसी’.

आकडा आला की दोन्ही सोडा

हे छोटं आहे, पण यात शिकलेसवरलेलेही अडकतात. एकूण किती वेळा, किती वर्षं, कोणत्या साली, हे वाक्यात आलं की ‘यूज्ड टू’ही नको आणि ‘वुड’ही नको. साधा भूतकाळ. ‘आय वेन्ट टू रामटेक फोर टाइम्स.’ ‘वी लिव्ह्ड इन महाल फॉर ट्वेंटी इयर्स.’ ‘वी यूज्ड टू लिव्ह इन महाल फॉर ट्वेंटी इयर्स’ चूक, कारण मोजून संपलेल्या काळाला इंग्रजी एकच मोठी घटना मानतं. १८६१मध्ये मध्य प्रांत झाला तेव्हापासून १९५६पर्यंत नागपूर राजधानीचं शहर होतं, म्हणून ‘नागपूर वॉज अ कॅपिटल फॉर नाइन्टी-फाइव्ह इयर्स.’ वर्षं मोजली, ‘यूज्ड टू’ गेलं.

क्रिकेटवाल्या मुलांना मी असं देते. सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर पूर्वी कसोटी सामने व्हायचे: ‘दे यूज्ड टू प्ले टेस्ट मॅचेस इन सिव्हिल लाइन्स.’ २००८मध्ये जामठ्याला पहिली कसोटी झाली आणि सौरव गांगुलीची ती शेवटची ठरली: ‘गांगुली प्लेड हिज लास्ट टेस्ट ॲट जामठा इन टू थाउजंड एट.’ एकदाच झालं, साल सांगितलं, साधा भूतकाळ. हे एकदा पाठ झालं की त्यांचं हुकत नाही.

नुसता साधा भूतकाळही सवय सांगू शकतो, हेही लक्षात ठेवा. ‘एव्हरी संडे आय टॉट चिल्ड्रन.’ ‘एव्हरी संडे’ने सवय कळतेच. काही सुचलं नाही, घाबरल्यासारखं झालं, तर हा दरवाजा कायम उघडा आहे. मुलाखतीत मी एवढंच म्हटलं असतं तरी निभावलं असतं.

सवय होती आणि सवय आहे

आता ज्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ जातो ते. ‘आय यूज्ड टू’ आणि ‘आय ॲम यूज्ड टू’. अक्षरं तीच, उच्चारही तोच ‘यूस्टू’, अर्थ निराळा. ‘ॲम, इज, आर, वॉज’ यांपैकी काही त्याच्या आधी लागलं की अर्थ होतो अंगवळणी पडलेलं असणं. ‘आय ॲम यूज्ड टू द हीट’, मला उन्हाची सवय आहे. ही गोष्ट आजची आहे. ‘गेट’ लागलं तर सवय होणं: ‘यू विल गेट यूज्ड टू सावजी.’ सावजी जेवणाच्या तिखटाला बिचकलेल्या बाहेरगावच्या जावयाला धीर द्यायला उपयोगी वाक्य.

गोंधळ होतो तो मराठी ‘सवय’ या शब्दाने. ‘मला लवकर उठायची सवय होती’ आणि ‘मला लवकर उठायची सवय आहे’ यांत आपण फक्त ‘होती’चं ‘आहे’ करतो. इंग्रजीत पूर्ण रचना बदलते. पूर्वी उठायचो: ‘आय यूज्ड टू गेट अप अर्ली.’ आज उठणं जड जात नाही: ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली.’ दुसऱ्यात ‘इंग’ लागतं किंवा नाम लागतं, मूळ क्रियापद लागत नाही. ‘आय ॲम यूज्ड टू गेट अप’ हे कुठेच बसत नाही. रात्रपाळी करणाऱ्या एका नर्सला मी दोन्ही वाक्यं तिच्या आयुष्यावरून करायला लावली. तिने केलं: ‘आय यूज्ड टू हेट नाइट ड्यूटी. नाऊ आय ॲम यूज्ड टू इट.’ यापेक्षा चांगलं उदाहरण मला पुस्तकात सापडलेलं नाही.

तिसरा ‘यूज्ड टू’ असतो तो वापराचा. ‘दिस ब्रश इज यूज्ड टू क्लीन द पंप.’ वापरतात या अर्थाचा, भुंग्याच्या ‘झ’चा. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, वस्तू दिसली की ओळखायचा.

आणि तक्रारीच्या सुरात ‘नेहमी हरवायचा’ म्हणायचं असेल तर ‘ऑलवेज’बरोबर मात्र ‘वॉज’ आणि ‘इंग’ चालतं: ‘ही वॉज ऑलवेज लूझिंग हिज कीज.’ तिथे ‘ऑलवेज’ विसरायचं नाही.

सराव कसा करायचा

नियम वाचून तोंडात बसत नाहीत. मी सगळ्यांना कूलरवर लिहायला लावते, कारण कूलर प्रत्येकाच्या घरात होता किंवा आहे. आधी मराठीत, जसं बोलतो तसं: आमच्याकडे लोखंडी कूलर होता. एप्रिल लागला की बाबा तो खाली काढायचे. आम्ही भावंडं जुनं गवत काढायचो. दुपारी बादलीने पाणी भरायचो. मला त्या ओल्या खसाचा वास फार आवडायचा. एकदा पंपाचा करंट लागला. मग प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा आणि विचारा: कायमची स्थिती, वारंवार घडणारी कृती, की एकदाच घडलेलं?

‘वी यूज्ड टू हॅव ॲन आयर्न कूलर’, स्थिती. ‘एव्हरी एप्रिल माय फादर वुड टेक इट डाऊन’, कृती. ‘वी वुड पुल आउट द ओल्ड ग्रास अँड फिल द टँक विथ बकेट्स’, कृती. ‘आय यूज्ड टू लव्ह द स्मेल ऑफ वेट खस’, आवड. इथे ‘यूज्ड टू लव्ह’ घ्यायचं की ‘लव्ह्ड’, हे तुमचं तुम्ही ठरवा. अजूनही आवडत असेल तर ‘लव्ह्ड’. ‘वन्स आय गॉट अ शॉक फ्रॉम द पंप’, एकदाच, साधा भूतकाळ. झाला परिच्छेद. तो मोठ्याने तीनदा वाचा, ‘यूस्टू’ एका दमात, आणि चौथ्यांदा वहीकडे न बघता सांगा. दुसऱ्या दिवशी कूलरच्या जागी आजोळ घ्या, शाळा घ्या, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक घ्या.

काकांनी आपला परिच्छेद आठ दिवस घोकला आणि रविवारी फोनवर सांगितला. सोमवारी वर्गात आल्या आल्या चप्पल काढायच्या आधी त्यांनी खिशातून कागद काढला. नातवाने काय विचारलं ते त्यांनी लिहून आणलं होतं, जसं ऐकू आलं तसं: ‘डिड यू यूज्ड टू गेट लोनली इन द लास्ट कोच?’ मी खडू त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाक्य फळ्यावर उतरवलं, मागे सरकून पाहिलं, आणि ‘यूज्ड’मधला ‘डी’ बोटाने पुसला.

‘उत्तर काय दिलंत?’ मी विचारलं.

‘नाही दिलं. म्हटलं, पुढच्या रविवारी सांगतो.’ मग त्यांनी त्या प्रश्नाखाली हळूहळू लिहिलं, ‘येस. आय...’ आणि थांबले. त्यांना लिहायचं होतं की तुझा बाप तेव्हा लहान होता, त्याची फार आठवण यायची. ‘बाई, आठवण रोज यायची. मंग वुड का यूज्ड टू?’

मी म्हटलं, आठवण येणं ही झेंडा दाखवण्यासारखी कृती नाही काका, ती मनात राहूनच असते. त्यांनी मान हलवली आणि वाक्य पुरं केलं: ‘येस. आय यूज्ड टू मिस युअर फादर.’